गडी अपुरा, डाव पुरा

गल्लीतल्या खेळात एक गडी असा असतो की त्याच्यावर राज्य येत नाही. तो सगळ्यांबरोबर धावतो, ओरडतो, पकडलाही जातो, पण बाद होत नाही. त्याला कच्चं लिंबू म्हणतात. बहुधा तो कुणाचा तरी धाकटा भाऊ असतो. त्याला घरी सोडून यायची परवानगी नसते आणि मोठ्यांच्या बरोबरीने पळायची त्याची ताकद नसते. मग खेळ सुरू व्हायच्या आधी दोन वाक्यांत त्याच्यापुरता वेगळा कायदा होतो.

क्रिकेटचंही तसंच. जागा अरुंद असली की ‘एक टप्पा आउट’ लागू होतं, कारण एवढ्याशा जागेत गोलंदाजाला एरवी कुणाला बादच करता येणार नाही. चेंडू थेट कुणाच्या गॅलरीत गेला तर मारणाराच बाद, नाहीतर दांडग्या मुलाची बॅट संध्याकाळभर त्याच्याच हातात राहील आणि खिडक्यांच्या काचाही राहणार नाहीत. मुलं विषम संख्येने जमली तर एक जण ‘कॉमन’ होतो आणि दोन्ही बाजूंनी खेळतो. हे नियम कुठे छापलेले नाहीत. ते करणारेच ते खेळतात, त्यामुळे नियम वाकडा निघाला तर पाच मिनिटांत भांडण होतं आणि तो दुरुस्तही होतो.

खेळांच्या नियमांचा मागोवा घ्यायला पनवेल तालुक्यातलं ओवे हे गाव सोयीचं आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे-रायगडातल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई आखली गेली, त्या पट्ट्यातलं हे गाव. शेजारी खारघर वाढत गेलं. जनगणनेने ओव्याला शहर म्हणून मोजलं आणि १ ऑक्टोबर २०१६ ला ते पनवेल महानगरपालिकेत गेलं. या पट्ट्यात भात कापून झालं की मोकळ्या शेतात फक्की मारून कबड्डीचं मैदान आखायचं, ही जुनी रीत. आता गावठाणात कबड्डी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक टप्पा आउट, आणि वरच्या मजल्यांवरच्या फ्लॅटमध्ये कानाला हेडफोन लावून चौघांनी मिळून राक्षसी किड्यांशी लढायचे संगणकावरचे खेळ, असे सगळे थर एकाच संध्याकाळी एकमेकांवर बसलेले असतात.

त्या सर्वांत वरच्या थरात एक गोष्ट खालच्या दोन थरांत नाही. तिथले नियम खेळणारा झोपलेला असताना बदलतात. काल दोन गोळ्यांत पडणारा किडा आज चार गोळ्या खातो. आवडती बंदूक आज हलकी लागते. पोरं म्हणतात, “गन नर्फ केली.” एखादं हत्यार तगडं केलं तर ते ‘बफ’. बदलांची यादी कंपनी जाहीर करते, तिला बॅलन्स पॅच म्हणतात, आणि तिच्यावर गावकीच्या बैठकीला लाजवील असा वाद होतो.

ही सवय सॉफ्टवेअरबरोबर आली असं वाटतं, पण तिची वंशावळ बरीच मागे जाते आणि तिची एक जाड फांदी महाराष्ट्राच्या मातीतली आहे. ती चाचपत गेलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा हाताला लागते. सांघिक खेळाचा तोल जमला तो दोन बाजूंची ताकद समान केल्याने नाही. प्रत्येक गड्याला थोडं अपुरं ठेवलं, म्हणजे त्याला सोबत्याची गरज लागेल, तेव्हा तो जमला.

जोड आणि खो

सुरुवात अपवादापासून करू. जत्रेतल्या कुस्त्यांत तोल सांभाळायची जागा एकच असे: जोड ठरवण्याची. पंच आणि वस्ताद पैलवानांना शेजारी उभं करत, वय, उंची, मांड, मान नजरेने तोलत, आणि मग जोड लावत. पुढे नजरेची जागा काट्याने घेतली. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं ते ५७ किलो वजनी गटात. पण कुस्तीचा हा तोल सलामी झडली की संपतो. आत दोघेच, ज्याचा त्याचा डाव. सांघिक खेळाला हे पुरत नाही, कारण तिथे ताकद वाटलेली असते आणि कुणाच्या वाट्याला किती यावी हे नियमानेच ठरवावं लागतं.

हे काम सर्वांत धीटपणे केलं खो-खोने. १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात त्याचे नियम बांधायला समिती बसली, आणि १९२४ मध्ये बडोद्याहून ते छापून निघाले. या खेळातली विषमता पाहा. पाठलाग करणारे नऊ आणि मैदानात पळणारे एका वेळी तीन. नऊ जणांना मोकळं सोडलं तर तीन गड्यांचा निकाल दहा सेकंदांत लागेल. म्हणून आठ जणांना बसवलं, तेही एकाआड एक तोंड फिरवून. उरलेल्या एकाला पळायची मुभा दिली, पण त्याने एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत मागे वळायचं नाही आणि बसलेल्यांच्या मधून पलीकडे जायचं नाही. पळणाऱ्याला यातली एकही अट नाही. तो वळतो, हूल देतो, दोघांच्या मधून सटकतो.

एवढी बंधनं घातल्यावर पाठलाग करणाऱ्याच्या हाती काय उरतं? खो. समोरचा पलीकडे गेला की आपण काहीच करू शकत नाही, पण पलीकडे तोंड करून बसलेला सोबती करू शकतो. त्याच्या पाठीला हात लावून आपण बसायचं. कितीही वेगवान गडी असला तरी त्याचा वेग योग्य क्षणी सोडून देण्यातच कामाला येतो. समितीला पळणाऱ्यांची ताकद वाढवता आली असती किंवा पाठलाग करणाऱ्यांची संख्या कमी करता आली असती. तसं न करता प्रत्येकाचा एकेक हात बांधून त्यांनी नऊ अपुऱ्या गड्यांचा एक पुरा संघ बनवला.

बाद झालेल्याचं काय करायचं?

कबड्डीचा, म्हणजे आपल्याकडच्या हुतुतूचा, इतिहास या दृष्टीने आणखी श्रीमंत आहे, कारण इथे एकाच प्रश्नाची तीन उत्तरं एकाच काळी खेळली जात होती. १९१८ च्या सुमारास महाराष्ट्रात या खेळाला ठरीव रूप यायला लागलं, आणि १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियम छापून अखिल भारतीय स्पर्धाही भरवली. तोवर गावागणिक हुतुतू वेगळा. त्यातले तीन प्रकार नावारूपाला आले: अमर, गामिनी आणि संजीवनी. तिघांचा मुख्य फरक एवढाच, की बाद झालेल्या गड्याचं पुढे काय करायचं.

अमर प्रकारात गडी बाद झाला तरी मैदानातच राहतो, समोरच्यांना फक्त गुण मिळतो. शेवटपर्यंत दोन्ही संघ भरलेले. कागदावर याहून न्याय्य काही नाही. पण इथे माझ्या चुकीची झळ माझ्या सोबत्याला लागत नाही. मी दहा वेळा पकडला गेलो तरी पुढच्या चढाईला तो पहिल्याइतकाच सुरक्षित असतो. संघ असतो, पण त्यातले सगळे आपापल्या हिशेबाने खेळतात.

गामिनी याच्या दुसऱ्या टोकाला. बाद झालेला बाहेर, आणि सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच. आता चूक महाग झाली, पण इतकी महाग की खेळ एका बाजूला घसरू लागतो. सातातले तीन गेले की चौघांनी मैदान राखायचं. चौघांना ते जड जातं, म्हणून चौथाही जातो. पहिल्या पाच मिनिटांत बाद झालेला चांगला गडी बराच वेळ रेषेबाहेर बसून राहतो. त्याच्याबाबत कुणी काही करू शकत नाही, आणि तोही कुणासाठी काही करू शकत नाही.

संजीवनीने मधली वाट काढली. समोरचा एक बाद केला की आपला एक परत येतो, आणि ज्या क्रमाने गेले त्या क्रमाने येतात. सगळे बाद झाले तर समोरच्यांना लोणाचे दोन गुण जादा, पण मग सगळा संघ पुन्हा उभा. या एका नियमाने चढाईचा अर्थ बदलला. चढाईला जाणारा एकटाच असतो. दम राखत, सात जणांच्या गोतावळ्यात शिरून, हात-पाय लावून परतणं हे पूर्णपणे त्याचं एकट्याचं धाडस. पण त्याने तिकडच्या एकाला स्पर्श केला की इकडचा एक जिवंत होतो. बाहेर बसलेल्या गड्याचे डोळे त्याच्या पायांवर लागलेले असतात. धाडस एकट्याचं, मिळकत सामाईक.

तिघांतून टिकला तो संजीवनी. आज जगभर खेळली जाणारी नियमबद्ध कबड्डी त्याच्याच पायावर उभी आहे. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिचं प्रात्यक्षिक दाखवलं, १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला, आणि १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत ती पदकाचा खेळ म्हणून आली. ज्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, कबड्डी दिन म्हणून पाळला जातो त्या शंकरराव ऊर्फ बुवा साळवींसारख्या संघटकांच्या हयातभराच्या कष्टांतून हुतुतूची शेकडो गावठी रूपं एका नियमपुस्तिकेत आली. त्यात कमाई मोठी होती. घाटा एवढाच, की मैदानावर नियम ठरवायचा हक्क मैदानाबाहेर गेला.

त्या पुस्तिकेत तोल सांभाळणारे बारीक खिळे जागोजागी ठोकलेले दिसतात. बोनस रेषा घ्या. समोर सहा किंवा सात गडी असतील तेव्हाच ती ओलांडल्याचा गुण मिळतो. भरल्या मैदानात स्पर्श मिळवणं कठीण, म्हणून चढाईपटूला दुसरी वाट दिली. पाच किंवा त्याहून कमी उरले की ती वाट बंद, कारण आता त्याचं पारडं आधीच जड आहे. महिलांचं मैदान पुरुषांच्या १३ बाय १० मीटरऐवजी १२ बाय ८ मीटरचं. कुमार-किशोरांना वयाबरोबर वजनाची अट. प्रत्येक आकड्यामागे कुणीतरी कुणाच्या तरी वरचढपणाचा विचार केलेला आहे.

प्रेक्षक आला आणि घड्याळ आलं

२६ जुलै २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली. मातीची जागा मॅटने घेतली, अनवाणी पायांत बूट आले, आणि नियमाच्या लेखणीवर आणखी एक हात आला: घरी बसून पाहणाऱ्याचा. चढाईला ३० सेकंदांचं बंधन आलं. त्याहून मोठं दुखणं होतं रिकाम्या चढाईचं. आघाडीवर असलेल्या संघाचा गडी जायचा, निदानरेषा ओलांडायचा, दोन हुली द्यायचा आणि परतायचा. नियम पाळला, धोका टाळला, वेळ गेला. डावपेच म्हणून यात चूक काहीच नव्हती, पण पाहणारा कंटाळायचा.

उपाय म्हणून तिसरी चढाई निर्णायक झाली. लागोपाठ दोन रिकाम्या गेल्या तर तिसऱ्यांदा गुण आणायचाच, नाहीतर चढाईपटू बाद. कल्पना वेग वाढवायची होती, पण तिने संघाची घडणच बदलली. मुख्य चढाईपटूला अशा चढाईत गमावणं परवडत नाही, म्हणून ‘डू ऑर डाय’ला पाठवायचा वेगळा गडी तयार झाला. काल जो राखीव होता त्याला आज स्वतःचं काम मिळालं. दुसरा नियम अव्वल पकडीचा, म्हणजे सुपर टॅकलचा. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असताना त्यांनी चढाईपटूला पकडलं तर एक गुण जादा. गामिनीतली घसरण आठवा. तिथे गडी कमी झाले की आशाही कमी होत जायची. इथे गडी जितके कमी, तितकी उरलेल्यांची पकड मोलाची. शेवटच्या तिघांना आता नुसतं टिकून राहायचं नसतं, शिकारही करायची असते.

२०२२ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत अल्टिमेट खो-खो भरली आणि तिथे १९१४ च्या बंधनालाच हात घातला गेला. पाठलाग करणाऱ्यांतल्या एकाला ‘वजीर’ केलं. त्याने कुठल्याही दिशेला पळावं, हवं तेव्हा वळावं. पॉवरप्लेमध्ये दोन वजीर. बचाव करणाऱ्यांनाही मोबदला मिळाला: तिघांची तुकडी ठराविक वेळ टिकली की त्यांच्या खात्यात गुण पडू लागतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे या महाराष्ट्रातल्या कर्णधारांनी भारताच्या दोन्ही संघांना तो जिंकून दिला, तेव्हा टिकण्याला गुण देणारी ही ‘ड्रीम रन’ जगाने पाहिली.

वजिराबद्दल जुन्या खेळाडूंच्या मनात शंका असेल तर ती मला रास्त वाटते. त्याचे दोन्ही हात मोकळे केले की तो एकटाच पुरा पडायला लागतो, आणि जो एकटा पुरा पडतो त्याला खो द्यायची आठवण कशाला होईल? नियम करणाऱ्यांनाही हे कळलं असावं, म्हणून वजिरांची संख्या आवळून धरली आहे. सगळ्यांनाच वजीर केलं असतं तर तो खो-खो राहिला नसता, पकडापकडी झाली असती.

शत्रू नसलेला खेळ

सोबत्यांनी मिळून खेळायचा, पण समोर माणूसच नाही, असा आपला मोठा खेळ म्हणजे दहीहंडी. इथे प्रतिस्पर्धी म्हणजे उंची. तळाला भक्कम खांदे, मधल्या थरांत काटक आणि तोल राखणारे, सगळ्यात वर हलकं पोर. तळाचा वर चढू शकत नाही आणि वरच्याला खाली पेलवणार नाही. एकही भूमिका दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

या खेळात बदल केला न्यायालयाने. अपघात वाढत गेल्यावर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हंडीची उंची २० फुटांवर आणली आणि १८ वर्षांखालच्यांना मज्जाव केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१७ मध्ये उंचीची मर्यादा सुटली आणि वयाची अट १४ वर्षांवर आली. २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला. मुलांचा जीव वाचवणं हा हेतू निर्विवाद होता, पण खेळाच्या बाजूने पाहिलं तर हा दुहेरी बदल आहे. उंचीची अट म्हणजे ‘शत्रू’ला कमजोर करणं, वयाची अट म्हणजे एका भूमिकेला. वरचा गडी वयाने आणि वजनाने वाढला की तो भार खालच्या प्रत्येक थराच्या हिशेबात उतरतो. एका जागी हात लावला आणि सबंध मनोरा नव्याने रचावा लागला.

यंत्राने शिकलेला तोल

यंत्राच्या जगात हीच कहाणी योगायोगाने सुरू झाली. १९७८ मध्ये जपानच्या तायतो कंपनीत तोमोहिरो निशिकादो यांनी स्पेस इन्व्हेडर्स बनवला. रांगेने उतरणारे परग्रहवासी पाडले की उरलेले जास्त वेगाने येतात. मुळात ते ठरवून केलेलं नव्हतं. पडद्यावर कमी आकृत्या उरल्या की त्या काळच्या बेताच्या यंत्राला त्या भराभर हलवता येत. निशिकादोंनी ते तसंच राहू दिलं. सर्वांत शेवटचा उरलेला शत्रू सर्वांत चपळ, ही गोष्ट अव्वल पकडीच्या नियमाशी सख्खं नातं सांगते.

पुढची पायरी कोनामी कंपनीतली. ग्रेडियस हा खेळ घरगुती यंत्रावर आणताना काझुहिसा हाशिमोतो यांना तो तपासण्यासाठी शेवटपर्यंत खेळता येईना, इतका तो कठीण. म्हणून त्यांनी बटणांची एक गुप्त साखळी घातली: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. तीच साखळी नंतर काँट्रामध्ये आली आणि तीन जिवांचे तीस जीव करू लागली. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेममध्ये कॅसेट खुपसून ज्यांनी काँट्रा खेळला त्यांना तो मंत्र अजून पाठ असेल. मिळून गोळ्या झाडायचा, आपल्याकडे घराघरांत पोचलेला असा तो एक खेळ. एक जण पुढे पळाला की पडदा त्याच्याबरोबर सरकायचा आणि धबधब्याच्या टप्प्यात मागे राहिलेला सोबती खालच्या खाली मरायचा. स्वतःचे जीव संपले तर सोबत्याच्या साठ्यातला एक घेता यायचा, आणि त्यावरून सख्ख्या भावांत अबोला व्हायचा. सामाईक मिळकतीचा हा धडा संजीवनीच्याच वळणाचा.

२००८ मध्ये व्हॉल्व्हच्या लेफ्ट फोर डेडने तोल सांभाळायचं काम खेळ चालू असतानाच यंत्राकडे दिलं. चौघे वाचलेले लोक आणि त्यांच्यावर तुटून पडणारी संक्रमित झुंड. आत एक ‘डायरेक्टर’ नावाचा अदृश्य पंच बसलेला. चौघांवर किती ताण आला हे तो मोजतो, पेलवेनासं झालं की झुंड थांबवतो, निवांत झाले की पुन्हा सोडतो. पण या खेळाची खरी हुशारी शत्रूंच्या घडणीत होती. हंटर अंगावर झेप घेऊन एकाला जमिनीला खिळवतो, स्मोकर जिभेने लांबून ओढून नेतो. एकदा पकडलं की स्वतःची सुटका होत नाही, सोबत्यानेच यायला हवं. एकटा पुढे गेलेला शूर सर्वांत आधी मरतो. खो-खोने जे बंधन गड्यावर घातलं, ते इथे शत्रूच्या हातून घातलं.

कोपनहेगनच्या घोस्ट शिप गेम्सने २०२० मध्ये पूर्ण रूपात आणलेल्या डीप रॉक गॅलॅक्टिकमध्ये हे आणखी प्रेमळपणे केलंय. चार बुटके खाणकामगार, चौघांची चार कसबं. स्काउट दोरी मारून छतापर्यंत जातो पण तिथे उभं राहायला जागा नसते. इंजिनिअर खालून फळी चिकटवून देतो, मग स्काउट तिच्यावर उभा राहून खनिज खणतो. किती जण खेळतायत त्यावर शत्रूंची संख्या आणि चिवटपणा ठरतो. एकटाच आलात तर मदतीला बॉस्को नावाचा यंत्रमानव मिळतो.

नर्फचा पावसाळा

या सगळ्या परंपरेची परीक्षा २०२४ मध्ये झाली. स्टॉकहोमच्या ॲरोहेड कंपनीचा हेलडायव्हर्स २ फेब्रुवारीत आला आणि १२ आठवड्यांत त्याच्या १ कोटी २० लाख प्रती विकल्या गेल्या. चौघांची तुकडी, समोर किडे आणि यंत्रं, स्वतःची गोळी सोबत्यालाही लागते, आणि मेलेल्याला परत आणायचं असेल तर जिवंत असलेल्याने बाणांच्या कळा दाबून बोलवायचं. म्हणजे इथेही बाद गड्याचा जीव सोबत्याच्या हातात.

अडचण झाली ती रेलगनने. चार्जर नावाच्या चिलखती किड्याचं कवच ती दोन-तीन फटक्यांत फोडायची. मग चौघेही तीच घेऊन यायला लागले. चौघे सारखे, चौघे पुरे, कुणाला कुणाची गरज नाही. कंपनीने हा आजार बरोबर ओळखला, पण मार्चच्या पहिल्याच मोठ्या बदलात सोपं औषध दिलं: रेलगन नर्फ. रोग तसाच राहिला. त्या घडीला चार्जर तेवढेच आणि तसेच चिलखती, आणि त्यांना फोडायचं ठरलेलं हत्यार बोथट. पुढच्या अनेक याद्यांत लोकांचं आवडतं काहीतरी कमी होत गेलं. ऑगस्टमध्ये ज्वाळाफेकीची पाळी आली, तेव्हा खेळणाऱ्यांचा संयम सुटला.

१३ ऑगस्टला कंपनीने ६० दिवसांत सुधारणा करण्याचं जाहीर केलं आणि १७ सप्टेंबरच्या बदलात दिशा उलटी केली. बरीच हत्यारं तगडी केली, आणि मोठ्या शत्रूंची चिलखतं पातळ केली, म्हणजे ती अनेक प्रकारच्या हत्यारांनी फुटतील. ‘मग खेळ सोपा झाला’ अशी तक्रार आली आणि तीत तथ्यही होतं. पण आता चौघांनी चार वेगळी हत्यारं घेऊन येण्यात अर्थ होता.

इथे कबड्डी आणि या खेळांतला एक मूलभूत फरक ध्यानात घ्यायला हवा. कबड्डीत दोन्ही बाजूंना माणसं. चढाईपटूला जे द्याल ते बचावपटूकडून काढून घ्याल, म्हणून तिथे प्रत्येक नियम तराजूत टाकूनच घालावा लागतो. मिळून यंत्राशी लढताना समोरच्या किड्याला राग येत नाही, त्याचा गाववाला मैदानात घुसत नाही. त्याला हवं तसं घडवायची मोकळीक असते. अशा खेळात एखादी बंदूक जड झाली म्हणून शत्रूवर अन्याय होत नाही. अन्याय होतो तो शेजारी उभ्या असलेल्या सोबत्यावर, कारण त्याला काही करायलाच उरत नाही. म्हणून बंदूक बोथट करून भागत नाही. सोबत्याला काम मिळेल असा शत्रू घडवावा लागतो.

खुद्द हेलडायव्हर्समध्ये याचा एक नमुना पहिल्यापासून होता. रिकॉइललेस रायफलच्या गोळ्यांची पिशवी सोबत्याच्या पाठीवर असली तर तो मागे उभा राहून झटपट गोळी भरून देऊ शकतो, आणि दोघांची मिळून एक तोफ होते. पण त्यासाठी सोबत्याला स्वतःच्या पाठीवरची दुसरी कुठलीही सोय सोडावी लागे. कल्पना खो-खोची, पण खो देणाऱ्याला सारखं वाटत राहावं की आपलंच नुकसान झालं, अशी मांडणी. सोबत्याची गरज निर्माण करायची तर ती भागवणाऱ्यालाही काही मिळायला हवं. संजीवनीत ते मिळतं: मी गुण आणतो, तू परत येतोस, आणि आपण दोघे मिळून पुढची पकड करतो.

असे खेळ घडवणारे हात आता महाराष्ट्रातही आहेत. पुण्याच्या सुपरगेमिंगने ऑक्टोबर २०२४ मध्ये इंडस हा बॅटल रोयाल आणला. तो एकमेकांविरुद्ध लढायचा खेळ, पण मिळून लढायचे खेळही इथून निघायला फार वेळ लागणार नाही. तसे ते निघाले की त्यांच्याही याद्या निघतील, त्यांवरही वाद होतील आणि ओव्यातल्या एखाद्या मुलाची आवडती बंदूक रातोरात हलकी होईल. त्या याद्या लिहिणाऱ्यांना शिकायला शंभर वर्षांचं साहित्य घराशेजारी पडलेलं आहे. एखादा गडी किंवा एखादं हत्यार फार भारी झालं असं दिसलं, तर त्याची ताकद कापण्याआधी एवढं तपासावं, की त्याला सोबत्याची गरज कुठल्या क्षणी लागेनाशी झाली. तो क्षण सापडला आणि तिथे सोबत्यासाठी काम ठेवता आलं, तर बंदूक आहे तेवढीच भारी राहिली तरी बिघडत नाही.